चांदबिबीचे घराणे

(अहमदनगरच्या किल्ल्यावर तलवार घेऊन उभी राहिलेली चांदबिबी आपल्या परिचयाची आहे. परंतु ती कोणाची मुलगी, कोणाची पत्नी आणि कोणाची आत्या होती, हे फारसे कोणी विचारत नाही. प्रस्तुत पाठात तिच्या माहेरची व सासरची माहिती दिली आहे. नात्यांमुळे तिच्यावर कोणत्या जबाबदाऱ्या आल्या आणि तिने त्या कशा पार पाडल्या, हेही सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पुष्कळ घरांत शजरा जपून ठेवलेला असतो. शजऱ्याला मराठीत वंशावळ म्हणतात. सर्वांत वर मूळ पुरुषाचे नाव, त्याखाली मुलांची नावे, त्याखाली नातवांची नावे, अशी तिची मांडणी असते. झाडाला फांद्या फुटाव्यात तशी ती वाढत जाते. पण बहुतेक वंशावळींत एक गोष्ट दिसते. त्यांत मुलींची नावे नसतात. असलीच तर त्या नावांखालची जागा कोरी असते. मुलगी सासरी गेली की ती फांदी संपली, असे मानले जाते.

निजामशाहीची वंशावळही अशीच आहे. चांदबिबीचे नाव तिच्या एका टोकाला येते. तिला मूलबाळ नव्हते. ती कधी गादीवर बसली नाही. वंशावळीच्या हिशेबाने तिच्यापासून पुढे काहीच निघत नाही. असे असूनही तिचे नाव काढून टाकले, तर दख्खनच्या दोन राज्यांचा इतिहास पुरा सांगता येत नाही. हे कसे, ते समजण्यासाठी तिचे घराणे नीट पाहिले पाहिजे.

प्रथम तिचे माहेर पाहू.

चांदबिबीच्या वडिलांचे नाव हुसेन निजामशहा. आजोबांचे नाव बुऱ्हाण निजामशहा. पणजोबा म्हणजे परदादा. तिचे पणजोबा मलिक अहमद हे निजामशाहीचे संस्थापक होत. पणजोबांच्या वडिलांना मराठीत खापरपणजोबा म्हणतात. तिच्या खापरपणजोबांचे नाव होते मलिक हसन.

या मलिक हसनची हकिकत मोठी विलक्षण आहे. फिरिश्ता हा इतिहासकार चांदबिबीच्या काळातला. तो आधी अहमदनगरला आणि नंतर विजापूरला राहिला. त्याने फारसी भाषेत दख्खनचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो, की मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता. त्याचे मूळ नाव तिमाभट आणि वडिलांचे नाव भैरव. त्याचे पूर्वज पाथरी गावचे कुलकर्णी होते. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. लहानपणी तो बहमनी फौजेच्या हाती सापडला आणि सुलतानाच्या पदरी आला. तेथे तो मुसलमान झाला, फारसी शिकला आणि आपल्या हुशारीने चढत चढत बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याला ‘निजाम-उल्-मुल्क’ हा किताब मिळाला. याच किताबावरून पुढे त्याच्या घराण्याला निजामशाही हे नाव पडले. इ. स. १४८६ मध्ये दरबारातील कारस्थानात तो मारला गेला.

त्याचा मुलगा मलिक अहमद हा त्या वेळी जुन्नरकडे अंमलदार होता. बहमनी राज्य खिळखिळे झाले होते. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि आपले स्वतंत्र राज्य स्थापन केले. इ. स. १४९४ मध्ये त्याने सीना नदीकाठी नवे शहर वसवायला सुरुवात केली. त्या शहराला त्याच्या नावावरून अहमदनगर म्हणू लागले. इ. स. २०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे. या पाठात आपण त्या काळचे नाव वापरले आहे.

घराणे राजघराणे झाले, तरी पाथरीची आठवण विसरली गेली नाही. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने पूर्वजांचे गाव म्हणून ती मागितली आणि बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला, तेव्हा त्याने ती लढून घेतली. ही हकिकतही फिरिश्ताच सांगतो. वतनाची ओढ माणसाला किती असते, हे यावरून दिसते.

आता आईकडची बाजू पाहू. चांदबिबीच्या आईचे नाव खुंजा हुमायून. तिचे कुळ इराणच्या बाजूकडून आलेले होते. म्हणजे चांदबिबीच्या वडिलांकडचे मूळ गोदावरीच्या खोऱ्यात, तर आईकडचे मूळ दूर परदेशात. अशा दोन प्रवाहांच्या मिलनातून दख्खनची माणसे घडली आहेत.

खुंजा हुमायून ही कर्तबगार स्त्री होती. इ. स. १५६५ मध्ये हुसेन निजामशहा मरण पावला. त्याचा मुलगा मुर्तजा गादीवर आला, पण काही वर्षे राज्याचा कारभार त्याच्या आईनेच पाहिला. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचा एक फारसी काव्यग्रंथ त्याच सुमारास लिहिला गेला. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील चित्रांत हुसेन निजामशहाच्या शेजारी राणी बसलेली दाखवली होती. पुढे राणी सत्तेवरून दूर झाली. त्यानंतर कोणीतरी बहुतेक चित्रांतील तिची आकृती रंग फासून पुसून टाकली. तरीही नीट पाहिले तर त्या रंगाखाली कोणीतरी बसलेले आहे, हे कळते. शजऱ्यातील कोरी जागा आणि चित्रातील ही पुसलेली जागा, या दोन्ही एकाच जातीच्या आहेत.

अशा आईची चांदबिबी ही मुलगी. तिचा जन्म इ. स. १५५० च्या सुमाराचा. मुर्तजा व बुऱ्हाण हे तिचे भाऊ. (आजोबांचे नाव बुऱ्हाण होते आणि भावाचेही बुऱ्हाणच. म्हणून भावाला ‘दुसरा बुऱ्हाण’ म्हणतात.) तिच्या एका बहिणीचे नाव जमालबिबी.

आता तिच्या लग्नाकडे वळू. त्या काळी राजघराण्यातील लग्न ही घरगुती गोष्ट नव्हती, तो एक तहच असे. अहमदनगर आणि विजापूर यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले होते. विजयनगरच्या रामरायाचे सामर्थ्य वाढले, तेव्हा दख्खनच्या सुलतानांना एकत्र येणे भाग पडले. भांडण मिटवायचे कसे? मुलींची लग्ने करून. चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. आंदण म्हणजे जहेज. त्याच वेळी अलीची बहीण अहमदनगरच्या मुर्तजाला दिली. जमालबिबी गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाला दिली होती. अशा रीतीने तीन राज्ये तीन मुलींनी जोडली गेली. त्यानंतर थोड्याच काळात, जानेवारी १५६५ मध्ये, तालिकोटची प्रसिद्ध लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईला पाने दिलेली असतात. या मुलींना एखादीच ओळ मिळते.

चांदबिबीचे सासरही पाहण्यासारखे आहे. विजापूर आज कर्नाटकात आहे. अली आदिलशहाचा पणजोबा युसूफ आदिलशहा हा आदिलशाहीचा संस्थापक. युसूफची बेगम पुंजी खातून ही मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या घरची होती. म्हणजे अलीची पणजी मराठा कुळातली होती. चांदबिबीचा खापरपणजोबा पाथरीच्या कुलकर्ण्यांपैकी आणि तिच्या पतीची पणजी मराठा सरदाराच्या घरची! दख्खनच्या सुलतानांची घराणी या मातीशी किती जोडलेली होती, हे यावरून ध्यानात येते.

इ. स. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. त्याच्या भावाचा मुलगा इब्राहिम हा गादीचा वारस ठरला. त्याचे वय तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे. त्याचा सांभाळ करण्याची जबाबदारी चांदबिबीवर आली.

येथे थोडे नात्यांच्या शब्दांकडे पाहू. उर्दूत भावाच्या मुलाला भतीजा म्हणतात. मग तो पुरुषाच्या भावाचा मुलगा असो की स्त्रीच्या. मराठीत मात्र फरक आहे. पुरुषाच्या भावाचा मुलगा तो त्याचा पुतण्या. स्त्रीच्या भावाचा मुलगा तो तिचा भाचा; ती त्याची आत्या, म्हणजे फूफी. नवऱ्याच्या भावाचा मुलगाही स्त्रीचा पुतण्याच. ती त्याची काकू किंवा चुलती, म्हणजे चाची. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे चांदबिबीच्या आयुष्याचे दोन भाग स्पष्ट होतात. विजापुरात ती काकू होती. अहमदनगरात ती आत्या होती.

काकू म्हणून तिची परीक्षा लवकरच झाली. कामिलखान नावाच्या सरदाराने लहान सुलतानाच्या नावाखाली सगळी सत्ता बळकावली. चांदबिबीने किश्वरखानाच्या मदतीने त्याला दूर केले. पण किश्वरखानही तसाच निघाला. त्याने चांदबिबीलाच कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवले. पुढे हबशी सरदारांनी किश्वरखानाला पळवून लावले आणि चांदबिबीला सन्मानाने विजापुरास परत आणले. हा लहान इब्राहिम पुढे मोठा कलाप्रेमी सुलतान म्हणून प्रसिद्ध झाला. संगीताची त्याला फार आवड होती. त्याच्या बालपणी गादी टिकली, यात त्याच्या काकूचा वाटा मोठा होता.

इ. स. १५८४ च्या सुमारास इब्राहिमची बहीण खदीजा हिचे लग्न अहमदनगरच्या मीरान हुसेनशी झाले. मीरान हुसेन हा मुर्तजाचा मुलगा, म्हणजे चांदबिबीचा भाचा. नवरी सासरकडची पुतणी आणि नवरा माहेरचा भाचा! नवरीबरोबर चांदबिबी माहेरी आली.

माहेरची अवस्था मात्र वाईट होती. इ. स. १५८८ मध्ये मीरान हुसेनने आपल्या बापाला ठार केले. वर्षभरात सरदारांनी त्यालाही ठार केले. मग दुसऱ्या बुऱ्हाणचा लहान मुलगा इस्माईल याला गादीवर बसवले गेले. इ. स. १५९१ मध्ये त्याला बाजूला सारून स्वतः बुऱ्हाण गादीवर आला. इ. स. १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा दुसरा मुलगा इब्राहिम निजामशहा काही महिन्यांतच लढाईत पडला. मागे राहिले त्याचे एक तान्हे मूल. त्याचे नाव बहादूर.

आता गादीवर बसायचे कोणी? हा प्रश्न वंशाचा होता. दरबारात चार पक्ष पडले. मियाँ मंजू याने अहमद नावाचा एक मुलगा पुढे केला आणि तो राजवंशातला आहे असे सांगितले. इखलासखान याने मोती नावाचे एक मूल उभे केले. ते बाजारातून आणले होते, असे फिरिश्ता लिहितो. तिसऱ्या पक्षाने पहिल्या बुऱ्हाणचा म्हातारा मुलगा शहाअली याला बोलावले. चांदबिबीने बहादूरचा पक्ष घेतला, कारण शेवटच्या सुलतानाचा तो सख्खा मुलगा होता. तो तिच्या भाच्याचा मुलगा, म्हणजे भावाचा नातू. त्याला मियाँ मंजूने जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत टाकले होते.

मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक सरदाराला नावापुरता राजा हवा होता. राजा लहान असला म्हणजे सत्ता आपल्या हाती राहते. म्हणून कोणी खोटा वारस उभा केला, कोणी भाड्याचा. शजरा हा त्यांच्या हातातले हत्यार झाला होता. घराण्याचे खरे नाते ओळखून त्याच्यामागे उभी राहिली ती घराण्याची लेक. तिने गादी स्वतःसाठी मागितली नाही.

मियाँ मंजूने त्याहून मोठी चूक केली. त्याने अकबर बादशहाचा मुलगा शहाजादा मुराद याला मदतीस बोलावले. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौज अहमदनगरजवळ आली. तोवर मियाँ मंजूला पश्चात्ताप झाला होता, पण आता उपयोग नव्हता. तो शहराबाहेर निघून गेला. किल्ला सांभाळण्याची जबाबदारी चांदबिबीने घेतली आणि बहादूर हाच सुलतान असे जाहीर केले.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यातील लोकांनी त्यांतील काही शोधून निकामी केले. पण एक सुरुंग उडालाच आणि तटाला मोठे खिंडार पडले. शिपाई घाबरून मागे सरू लागले. तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर नकाब घेऊन आणि हाती नंगी तलवार धरून त्या खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून शिपाई परतले. संध्याकाळपर्यंत हल्ले होत राहिले, पण मोगलांना आत शिरता आले नाही. रात्री तिने जातीने उभे राहून ते खिंडार बुजवून घेतले.

या वेळी तिची नाती तिच्या मदतीस आली. विजापूरहून इब्राहिम आदिलशहाने सुहैलखानाच्या हाताखाली फौज पाठवली. ज्या मुलाला तिने सांभाळले होते, तोच तिच्या मदतीला धावला. गोवळकोंड्याहूनही फौज निघाली. ही बातमी कळताच मोगलांनी तह केला. इ. स. १५९६ च्या या तहात निजामशाहीला वऱ्हाड प्रांत द्यावा लागला, पण राज्य वाचले. चावंडहून बहादूरला आणून गादीवर बसवले. अहमद हा निजामशाही वंशातला नाही असे दिसून आले होते. इब्राहिम आदिलशहाने त्याला विजापुरास ठेवून घेतले आणि जहागीर देऊन तो वाद संपवला.

पुढची हकिकत दुःखाची आहे. सरदारांची भांडणे थांबली नाहीत. इ. स. १६०० मध्ये अकबराचा मुलगा दानियाल याने पुन्हा अहमदनगरला वेढा घातला. या वेळी बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. किल्ला देऊन बहादूरचा जीव वाचवावा, असे चांदबिबीला वाटले. तिने हा विचार हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याला सांगितला. त्याने बाहेर जाऊन ओरडा केला, की चांदबिबी शत्रूला मिळाली आहे. खवळलेले शिपाई महालात घुसले आणि त्यांनी तिला ठार केले. जिने पाच वर्षांपूर्वी किल्ला वाचवला, तिच्यावरच फितुरीचा आळ आला. कोणी खरेखोटे विचारले नाही. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट महिन्यात, किल्ला मोगलांच्या हाती गेला. लहान बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

निजामशाही मात्र लगेच संपली नाही. मलिक अंबर या हबशी सरदाराने शहाअलीच्या मुलाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. अखेरच्या काळात शहाजीराजे भोसले यांनीही याच घराण्यातील एका लहान मुलाच्या नावाने मोगलांशी झुंज दिली. इ. स. १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला. लहान वारसाला पुढे करून राज्य वाचवायचे, ही रीत चांदबिबीने दोन राज्यांत पाळली होती. तिच्यामागून आलेल्यांनीही तीच पाळली.

अहमदनगरजवळच्या डोंगरावर एक तीनमजली अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वास्तविक ती सलाबतखान या वजिराची कबर आहे. चांदबिबीचा त्या इमारतीशी संबंध नाही. तरी लोकांनी वजिराचे नाव विसरून तिचे नाव त्या इमारतीला दिले. वंशावळीने तिच्या नावाखाली जागा कोरी ठेवली, पण लोकांनी तिला डोंगराच्या माथ्यावर जागा दिली.

चांदबिबी मुलगी, बहीण, पत्नी, काकू आणि आत्या होती. या प्रत्येक नात्याने तिच्यावर ओझे टाकले आणि तिने एकही ओझे खाली ठेवले नाही. घराणे केवळ बापाकडून मुलाकडे जात नाही. ते आई सांभाळते, आजी सांभाळते, आत्या आणि काकूही सांभाळतात. तुमच्या घरी शजरा असेल तर तो एकदा काढून पाहा. त्यात तुमच्या आजीचे, पणजीचे आणि फूफीचे नाव आहे का? नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारा. आज ती नावे सांगणारे कोणीतरी घरात आहे. नावे कळली की ती आपल्या हाताने लिहून ठेवा.

शब्दार्थ

वंशावळ – शजरा
पदरी असणे – नोकरीत असणे
कारस्थान – साजिश
वारस – मागून हक्क मिळणारा
आंदण – जहेज
खिंडार – भिंतीला पडलेले मोठे भगदाड
चिलखत – जिरहबख्तर
फितुरी – गद्दारी
आळ – खोटा आरोप

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘निजामशाही’ हे नाव कशावरून पडले?
(आ) चांदबिबीच्या आईचे नाव काय होते?
(इ) बहादूरला कोणत्या किल्ल्यावर कैदेत ठेवले होते?

२. कारणे लिहा.
(अ) बुऱ्हाण निजामशहाने पाथरी लढून घेतली.
(आ) प्रत्येक सरदाराला लहान राजा हवा होता.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
‘विजापुरात ती काकू होती. अहमदनगरात ती आत्या होती.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील नात्यांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा.
पणजोबा, पणजी, आत्या, काकू, पुतण्या, भाचा.

५. उपक्रम : आपल्या घराण्याची चार पिढ्यांची वंशावळ तयार करा. प्रत्येक पिढीतील मुलींची नावेही तीत लिहा.